जंगलवाटांचं पारायण

दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या की माझा डावा पाय क्लच शोधायला लागतो. खरंच सांगते. सहामाहीचे पेपर तपासत बसलेली असते, आठवीच्या पोरांनी इंग्रजीचा पार चेंदामेंदा केलेला असतो, आणि टेबलाखाली पाय आपला खाली-वर, खाली-वर. मुलगी म्हणते, "आई, तुझा पाय पुन्हा सुरू झाला." मी म्हणते, होऊ दे. वर्षभर फळ्यासमोर उभा राहणारा पाय आहे, त्यालाही कधीतरी त्याच्या मनासारखं वागू द्यावं.

मोसमच तसा असतो. समुद्रपूरच्या आसपास तुरीला पिवळा फुलोरा आलेला असतो. पहिल्या वेच्याचा कापूस फुगलेल्या गाड्यांतून हायवेवरच्या जाम गावच्या चौरस्त्याकडे निघतो आणि रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना त्याचे पुंजके अडकून राहतात. सकाळी अंगावर शाल लागते, दुपारी तीच नकोशी होते. आता तो हायवे चौपदरी होऊन राहिलाय, मोठमोठ्या मशिनी दिवसभर घरघरतात, ओळखीची झाडं गेली. पण सकाळच्या त्या गार हवेत कुणाच्या तरी घरून रॉकेलच्या स्टोव्हचा वास आला ना, की मी काही समुद्रपुरात राहत नाही. मी थेट सालवृक्षांच्या जंगलात जाऊन पोचते, जीपच्या बॉनेटसमोर, हातात पुस्तक घेऊन.

ते पुस्तक आमच्या घरात आलं तेच मुळी फुकटात. नव्वदीचं दशक सरत आलं होतं. माझ्या लग्नाला फार दिवस झाले नव्हते. आमच्या ह्यांचं, म्हणजे रमेशचं, वह्या-पुस्तकांचं दुकान. जुनी क्रमिक पुस्तकं आणायला हे नागपूरला जात. असाच एक गठ्ठा सोडला तर आतून हे निघालं. जाडजूड, पातळ कागदाचं, कव्हर अर्धं फाटलेलं. परदेशी पाहुण्यांसाठी लिहिलेलं इंग्रजी प्रवासपुस्तक. मध्य भारतातली जंगलं आणि तिथवर नेणारे रस्ते. कुठे पेट्रोल मिळतं, कुठल्या नाल्याला पावसाळ्यानंतरही पाणी राहतं, कुठल्या विश्रामगृहाचा खानसामा बरा स्वयंपाक करतो, सगळं होतं त्यात. मी इंग्रजीची मास्तरीण, म्हणून ह्यांनी ते मला आणून दिलं. म्हणाले, "घे, तुझ्या कामाचं."

संध्याकाळी ओट्यावर बसून मी ते वाचायची. मनातल्या मनात नाही, मोठ्यानं. एक वाक्य इंग्रजीत आणि मग त्याचा आपल्या बोलीत अर्थ. सासूबाई भाजी निवडता निवडता ऐकायच्या. एकदा मी वाचलं की प्रवासात अनोळखी माणसानं दिलेलं काही खाऊ नये. सासूबाईंनी हातातली भेंडी खाली ठेवली. "काय बाप्पा! मंग तिकडचे लोक लग्नात उपाशीच राह्यते का?" त्यांच्या डोळ्यांसमोर परदेशातली अख्खी पंगत उपाशी बसलेली दिसत होती.

सासरे, म्हणजे आबाजी, पलीकडे माळ ओढत बसलेले असत. ऐकत नसल्यासारखं दाखवत. आबाजी तहसील कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झाले होते. त्यांचा श्रावण म्हणजे पारायण. पोथी लाल कापडात, चौरंगावर, समोर समई. वाचताना उठायचं नाही, मध्येच बोलायचं नाही, अध्याय अर्धा सोडायचा नाही, पुढचा अध्याय आधी वाचायचा नाही, आणि एकदा हाती घेतलेलं पारायण समाप्ती केल्याशिवाय ठेवायचं नाही. गावात कुणाकडे पोथी बसली की नियम विचारायला लोक आबाजींकडे येत. नियम मोडला म्हणजे आबाजी रागवायचे नाहीत, नुसते गप्प बसायचे. ते गप्प बसणं रागापेक्षा जड असायचं.

आणि देवघराच्या शेजारी एक खिळा होता. त्या खिळ्याला जीपची किल्ली. जीप ह्यांनी सरकारी लिलावातून घेतलेली, दुकानाचा माल आणायला. म्हातारी झालेली, पण दणकट. एकच खोड होती तिला, तिसरा गिअर टाकला की तो सुटायचा. हे डाव्या हातानं दांडी दाबून धरत आणि उजव्या हातानं गाडी हाकत. दिवस मावळला की किल्ली आबाजींच्या हातात द्यायची आणि ती त्यांनीच खिळ्याला लावायची, हा आमच्या घरचा नेम.

आता ऐका, माझ्याकडे गाडी चालवायचं लायसन्स होतं. बी.एड.ला वर्ध्याला होते तेव्हा काढलेलं. बाबांनी, माझ्या वडिलांनी, हट्टानं शिकवलं होतं. ते पुलगावला राहायचे आणि त्यांचं साधं म्हणणं होतं, हाताला आलेली विद्या कुणी काढून घेत नाही. लग्नात पेटी भरताना आईनं लायसन्स साड्यांच्या खाली सरकवलं, तर बाबांनी ते काढून पुन्हा सगळ्यांत वर ठेवलं. "हे वरच ठेवजो," एवढंच म्हणाले.

वर ठेवून काय उपयोग? मी एकदा धीर करून विचारलं होतं, "आबाजी, मी चालवून पाहू का गाडी?" ते खिळ्याकडे बघत म्हणाले, "घरात ड्रायव्हर हाय ना सूनबाई. तू कायले तरास घेतं?" आवाज चढला नाही, कपाळाला आठी पडली नाही. दार मात्र बंद झालं. ह्यांनी शाळेच्या मैदानावर एक-दोनदा गुपचूप चालवू दिली, तेवढीच. मला किती राग यायचा म्हणून सांगू! रोज दिवा लावायला देवघरात जायची आणि देवाआधी नजर त्या किल्लीवर जायची. देवानं माफ करावं, पण माझं तेव्हाचं मागणं तेच होतं.

तर ओट्यावरचं वाचन. अमरकंटकचं प्रकरण वाचत होते, नर्मदेचा उगम, कपिलधारा, भोवतीचं जंगल. मध्येच मी थांबले, दूध उतू जात होतं म्हणून. तर मागून आवाज आला, "मंग? पुढं काय होते?" आबाजींची माळ थांबलेली होती. त्या रात्री जेवताना त्यांनी जाहीर केलं, नर्मदामाईचं दर्शन घ्यायचं. दिवाळीच्या सुट्ट्यांत, जीप घेऊन, चौघांनी. ह्यांचा घास हातातच राहिला. आणि लगेच आबाजींची अट आली. "पुस्तक घेऊन निघाचं त नेमानं निघाचं. पह्यला अध्याय ते शेवटचा. अध्याय गाळला का पारायण मोडते."

ह्यांनी समजवायचा प्रयत्न केला की आबा, हे पुस्तक आहे, पोथी नव्हे. आबाजी म्हणाले, "लिवणाऱ्यानं क्रम लावला, तो काय उगाच लावला का?" आता काय सांगणार! क्रम लागला होता तो इंग्रजी मुळाक्षरांप्रमाणे. अमरकंटक, बांधवगड, कान्हा, पचमढी आणि शेवटी पेंच. आमच्याकडून निघालं तर सगळ्यांत जवळचं जंगल पेंचचं. ते आमच्या वाट्याला शेवटी आलं.

भाऊबीज झाली आणि निघालो. आमच्या दुकानाशेजारी गुलाबरावांचं पंक्चरचं दुकान. माणूस मनानं वाईट नव्हता, पण जिभेला हाड नाही. जीपच्या टायरवर लाथ मारून म्हणाले, "रमेशभाऊ, चौथ्या दिवशी ट्रकवर टाकून आणसान तुमी हे धूड. मी इथंच बसेल हावो पाह्याले." आबाजींनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मी मात्र ऐकलं, आणि नीट बांधून ठेवलं.

नागपूर मागे पडलं, खवासा मागे पडलं, पेंचकडे वळायची पाटी आली. हे हळू झाले. पाटीवर वाघाचं चित्र होतं. सासूबाई म्हणाल्या, "थांब ना रे, पाहून घेऊ." आबाजी समोर बघत म्हणाले, "चाल रमेश. तो पाचवा अध्याय हाय." आणि आम्ही हातातोंडाशी आलेलं जंगल तसंच सोडून पुढे निघालो. हसू दाबता दाबता माझ्या पोटात दुखायला लागलं. आजही त्या रस्त्यानं जाताना मुलगी पाटी दिसली की ओरडते, "पाचवा अध्याय!"

रोज सकाळी निघण्याआधी वाचन. आंघोळी झाल्या की जीपच्या बॉनेटवर लाल कापड अंथरायचं, त्यावर पुस्तक, शेजारी उदबत्ती. वाचणारी मी. वाचणाऱ्यानं काही खाल्लेलं नसावं, म्हणून चहासुद्धा नंतर. धुकं असायचं, दवानं काच ओली असायची, सासूबाईंचा स्टोव्ह भरभरत असायचा आणि मी मोठ्यानं वाचत असायची की जळू चिकटली तर ओढू नये, मीठ लावावं. आबाजी हात जोडून ऐकायचे. विश्रामगृहाचा एक चौकीदार तिथून चालला होता. त्याला वाटलं सत्यनारायण आहे. त्यानं टोपी काढली, हात जोडून उभा राहिला आणि दोन घाट आणि तीन नाले ऐकून घेतले. वाचन संपल्यावर सासूबाईंनी त्याच्या ओंजळीत दिवाळीचा चिवडा घातला. त्यानं तो कपाळाला लावून खाल्ला.

हसायला येतं आता. पण एक सांगते, त्या वाचनामुळे माझ्या इंग्रजीला पहिल्यांदा कुणी मान दिला. शाळेत मी इंग्रजी शिकवायची म्हणजे पोरांना पास करायची. इथे माझ्या तोंडून निघालेल्या शब्दावर चार माणसांचा रस्ता ठरत होता. पुस्तक म्हणायचं वडाच्या झाडाशी डावीकडे वळा आणि खरंच वड यायचा. आबाजी वडाला नमस्कार करायचे, मग माझ्याकडे बघून मान हलवायचे.

अमरकंटकला कुंडाशी आबाजी कितीतरी वेळ उभे राहिले. पुढे कपिलधारेकडे जाताना एका ठिकाणी नर्मदा एवढीशी, की लहान पोर उडी मारून जाईल. एक प्रवासी तशी उडी मारून गेलाही. आबाजी कळवळले. "माय लहान हाय म्हणून तिले काय ओलांडाचं असते का?" म्हणाले आणि काठाकाठानं चालत राहिले. मला त्या दिवशी हा माणूस फार आवडला. राग होता तो होताच, पण आवडला. दोन्ही एका जागी राहतात, हे मला तिथं कळलं.

बांधवगडला वाघ काही दिसला नाही. त्याचे पंजे दिसले, वाळूत उमटलेले, ताजे. सासूबाई हळहळल्या. आबाजी म्हणाले, "अध्याय वाचला ना? झालं." दोन अध्याय पदरात पडले.

आणि मग तो दिवस. बांधवगडाहून कान्ह्याकडे निघालेलो. दोन्ही बाजूंनी साल, सरळसोट, मध्येच उघड्या माळावर कारळाची पिवळी शेतं, पुन्हा साल. टायर पंक्चर झालं. हे जॅक लावायला वाकले, स्टेपनी चढवली, शेवटचा बोल्ट आवळला आणि "आई गं" म्हणून तिथंच बसले. कमरेत चमक भरली होती. उभं राहता येईना, बसता येईना. सासूबाईंनी तिळाचं तेल चोळलं, शेक दिला. कसंबसं धरून त्यांना मागच्या बाकावर आडवं केलं. चेहरा पांढराफटक पडला होता. स्टेअरिंगवर बसायचं तर नावच नको.

दुपारची वेळ. पाखरांचा आवाज, बाकी काही नाही. एक लाकडाचा ट्रक आला. ड्रायव्हर भला माणूस होता. म्हणाला, जीप दोरानं बांधून मागे उमरियापर्यंत नेतो, तिथून रेल्वे आहे, गाडीही ट्रकवर चढवून देता येईल. आबाजींनी सुस्कारा सोडला. "बेस झालं. तसंच करू."

ट्रकवर! माझ्या कानात गुलाबराव हसले. अंगाचा नुसता भडका उडाला. मी म्हणाले, "आबाजी, मले येते गाडी. लायसन्स हाय माह्याजवळ." आणि पर्समधून काढून दाखवलं. वरच्याच कप्प्यात होतं.

आबाजींनी लायसन्सकडे पाहिलंही नाही. "शायेच्या मैदानावर येते अन् जंगलात येते, यात फरक हाय सूनबाई." म्हणजे मैदानावरचं त्यांना सगळं ठाऊक होतं! ट्रकवाला दोर सोडायला लागला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. संपलं, म्हटलं. आता ही किल्ली पुन्हा त्या खिळ्याला जाणार आणि माझं सगळं आयुष्य दिवा लावता लावता तिच्याकडे बघण्यात जाणार.

तेव्हा सासूबाई बोलल्या. ह्यांच्या कमरेवर हात चोळत, मान वर न करता. "अन् पारायण?"

"काय?"

"दोन अध्याय झाले, तीन राह्यले. जनम गेला मले ऐकवता ऐकवता, का अर्धं पारायण घरी नेऊ नये, अपेश येते. बाळंतपणात उठू देलं नाई तुमी मले समाप्तीबिगर. आता काऊन? वाचणारी तयार हाय ना तुमची? का नेम आमाले अन् सूट तुमाले?"

आबाजी गप्प बसले. तेच ते जड गप्प बसणं. पण त्या दिवशी ते कुणावर रागवून गप्प नव्हते, आपल्याच नियमात पाय अडकला होता त्यांचा. डॅशबोर्डवर लाल कापडात पुस्तक होतं. त्याच्याकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग ह्यांना आडवं करताना घेतलेली किल्ली कोपरीच्या खिशातून काढली. माझ्या हातात नाही दिली, पुस्तकावर ठेवली. "समाप्तीपर्यंतच. घरी पोचलो का किल्ली खिळ्याले."

"हो," मी म्हणाले. मी तेव्हा कशालाही हो म्हणाले असते.

चपला काढल्या. पदर कमरेला खोचला. ट्रकवाला दोर हातात घेऊन बघत राहिला. पहिल्यांदा इंजिन बंद पडलं. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा जीप गदगदली आणि निघाली, आणि बाप रे, काय सांगू, त्या सालाच्या झाडांनी दोन्हीकडून मागे पळायला सुरुवात केली तेव्हा मला मोठ्यानं ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही. शेजारी सासरे बसलेले होते.

सासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर पडू द्यायचा नाही, ही आमच्याकडची रीत. उघडी जीप, वारा भणाणलेला, दोन्ही हात स्टेअरिंगवर. पदर सरकला, खांद्यावर आला. मी एक हात सोडून तो ओढायला गेले तशी जीप खड्ड्यात आदळली आणि मागून हे कळवळून ओरडले. पुन्हा पदर उडाला. पुन्हा माझा हात सुटला. आबाजी समोरच बघत होते. म्हणाले, "राहू दे. समोर पाह्य."

दोन वाक्यं. पण माझ्या मानेवरचा केवढा भार उतरला ते मलाच माहीत.

पुढे चढ लागला. तिसरा टाकला की खट्ट करून सुटायचा. माझा हात लहान, दांडी दाबून धरली की स्टेअरिंग आवरेना. एक वळण फार जवळून गेलं. मग मी सरळ म्हणाले, "आबाजी, दांडी धरा." घरात येऊन इतके दिवस झाले, मी त्यांना काही करायला सांगितल्याची ती पहिली वेळ. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि माळ गळ्यात घालून दोन्ही हातांनी दांडी धरली. मी "सोडा" म्हटलं की सोडायची, "धरा" म्हटलं की धरायची. सोडा, धरा, सोडा, धरा, असा आमचा सासरे-सुनेचा संवाद त्या घाटात सुरू झाला.

घाट उतरलो आणि समोर रपटा, म्हणजे नाल्यावरचा बिनकठड्याचा ठेंगणा पूल. त्याच्यावरून पाणी वाहत होतं. वर कुठंतरी अवेळी पाऊस झाला असणार. पाणी गढूळ, खालचा सिमेंटचा रस्ता दिसेना. मी ब्रेक लावला आणि माझी सगळी मस्ती उतरली. मागे वळायचं तर तो घाट पुन्हा. हे मागून क्षीण आवाजात म्हणाले, "शोभा, नको गं." मी म्हटलं, "थांबा. पुस्तकात असेल."

होतं. आधी पायी जाऊन खोली बघा. पाणी गुडघ्याच्या वर असेल तर थांबा. खाली असेल तर पहिला गिअर, एक्सलेटरवरून पाय काढायचा नाही, मध्ये थांबायचं नाही, क्लच दाबायचा नाही. मी वाचलं, अर्थ सांगितला. आबाजींनी हात जोडून ऐकलं, धोतराचा काचा मारला आणि उतरले. मी म्हटलं, "आबाजी, मी जाते." ते म्हणाले, "वाचणाऱ्यानं जागा सोडाची नसते." सालाची एक वाळकी फांदी उचलली आणि टोचत टोचत पाण्यात शिरले. पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं, थोडं वर आलं, मग कमी झालं. पलीकडे पोचून त्यांनी फांदी उंच केली आणि ओरडले, "ये!"

मी पहिला टाकला. पाणी चाकांना धडकायला लागलं, बाजूनं पिवळा फेस. मला फक्त पलीकडची फांदी दिसत होती. तिच्यावर नजर ठेवून गेले. मागे सासूबाई नर्मदे हर, नर्मदे हर करत होत्या. पुढची चाकं कोरड्यावर चढली, मग मागची, आणि मी थांबलेच नाही, आबाजींच्या पुढे चांगली निघून गेले. आरशात बघते तर म्हातारा धोतर वर धरून फांदी नाचवत जीपमागे पळत येत होता आणि हसत होता. आबाजी हसताना दात दिसतात, हे मला तोवर माहीत नव्हतं!

त्यानंतरचं सगळं पिकलेल्या सीताफळासारखं गोड गेलं. कान्ह्याच्या गवतात बारशिंगे उभे होते, त्यांच्या शिंगांना गवताचे झुपके लागलेले. पचमढीच्या वळणांवर तर आम्हाला "सोडा, धरा" म्हणायचीही गरज राहिली नव्हती, माझा पाय क्लचवर गेला की आबाजींचा हात आपोआप ढिला व्हायचा. ह्यांची कंबर तोवर सुधारली होती. पचमढीहून निघताना हे म्हणाले, "आता मी बसतो." आबाजी दांडीवरचा हात न काढता म्हणाले, "पारायणात वाचणारा बदलत नाई." हे बिचारे पुन्हा मागे जाऊन आईशेजारी बसले आणि शेंगा सोलून आम्हाला देत राहिले.

पाचव्या अध्यायात वाघ दिसला. तीच पाटी, जिला आम्ही पाठ दाखवून गेलो होतो, तिथून आत गेलो आणि पहिल्याच सकाळी वाघीण रस्त्यात बसलेली. उठली, आमच्याकडे बघून जांभई दिली आणि बांबूत गेली. सासूबाई म्हणाल्या, "पाह्यलं? नेमाचं फळ." यावर आबाजी एवढे खूश झाले की त्यांनी पुस्तकालाच नमस्कार केला.

जाम चौरस्ता आला. कापसाच्या गाड्यांमागून हळूहळू वळले. माझं मन मात्र जड होत चाललं होतं. समाप्ती जवळ येत होती आणि मी हो म्हटलेलं होतं. समुद्रपूरच्या बाजारातून जीप नेली. शाळेतल्या पोरी ओरडल्या, "बाई! बाई पाहा!" गुलाबराव हातात पंप घेऊन उभेच राहिले, तोंड उघडं. एखाद्या दिवशी एवढा आनंद व्हावा आणि त्याच दिवशी त्याला संध्याकाळ व्हावी, तसं झालं मला. दारात जीप उभी केली, किल्ली काढली आणि न सांगता आबाजींच्या हातात दिली. त्यांनी घेतली. खिळ्याला लावली. मी आत जाऊन तोंड धुतलं, बराच वेळ.

दुसऱ्या दिवशी समाप्ती. खरीखुरी, पोथीची असते तशी. गल्ली जमली. चौरंगावर प्रवासपुस्तक, हार घातलेलं. मी शेवटचं पान वाचलं, त्यात कुठं कुठली औषधं सोबत ठेवावी एवढंच होतं. सगळ्यांनी हात जोडले. शिरा झाला, प्रसाद वाटला. गुलाबराव दुसऱ्यांदा द्रोण पुढे करत म्हणाले, "मानलं बा. पण आबाजी, नशीब म्हणा, बाईच्या हातात गाडी अन् गाडी शाबूत."

आबाजी ऐकत नव्हते. ते देवघराकडे गेले होते. परत आले तेव्हा हातात तबक होतं. तबकात नारळ, खण आणि खणावर किल्ली. माझ्यासमोर पाटाशी वाकले. एवढा मोठा माणूस माझ्यासमोर वाकला म्हणून मी गडबडून उठायला लागले, तर म्हणाले, "बस. वाचणाऱ्याले दक्षिणा देल्याबिगर समाप्ती होत नाई. हे तुही. खिळ्याले लावाची नाई आता."

मी रडले. सगळ्यांसमोर, ढसाढसा, इंग्रजीची बाई. हे दारात उभे राहून डोळे पुसत होते. सासूबाईंनी माझ्या मांडीवर शिऱ्याचा डबा ठेवला. "पुलगावले जाऊन ये. तुह्या बापाले नेऊन दे प्रसाद. एकटीच जाजो."

तो खिळा अजून आहे. आबाजी असेपर्यंत त्यांनी त्यावर दुसरं काही टांगू दिलं नाही. आता मुलगी मोठी होतेय, परवाच विचारत होती, लायसन्स कितव्या वर्षी निघतं गं? मी म्हटलं, आधी पेटीत वर जागा कर.

पण मला सगळ्यांत जास्त आठवते ती त्या समाप्तीच्या दुपारची शेवटची गोष्ट. मी डबा घेऊन बाहेर आले, चपला काढून जीपमध्ये बसले, इंजिन सुरू केलं. मागे गुलाबरावांची लुना आडवी लावलेली, आणि ते द्रोण चाटत तिथंच गप्पा मारत उभे. आबाजी उघड्या पायांनी भर रस्त्यात आले. समुद्रपुरानं त्यांचा चढलेला आवाज कधी ऐकला नव्हता, तो त्या दिवशी ऐकला.

"ओ गुलाबराव! परसाद झाला ना? मंग ते लुना काढा बाजूले. सूनबाईले गाडी वळवाची हाय!"